शाळा कुणाची? शिक्षकाने शाळा काढण्याच्या प्रश्नाचा आढावा

मराठवाड्यातल्या मुरुम, उमरगा, लोहारा या पट्ट्यात एखादी शाळा कुणाची असे विचारले, तर उत्तरात बहुधा संस्थेचे किंवा संस्थाचालकाचे नाव येते. मुख्याध्यापकाचे नाव क्वचितच येते. पगार सरकार देते, मुले गावाची असतात, शिकवतात शिक्षक. तरी शाळा मात्र ‘अमुक साहेबांची’ असते. याच भागात शंभर वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. शाळा मास्तरांच्या नावाने ओळखली जाई आणि ती उभी राहण्यामागे एक-दोन शिक्षकांची जिद्द असे. मधल्या काळात काय बदलले आणि त्यात काय कमावले, काय गमावले, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. सरकारी पैशावर चालणारी, पण कारभाराची मोकळीक असलेली शाळा शिक्षकाने काढावी, या कल्पनेतून अमेरिकेत ‘चार्टर शाळा’ निघाल्या. मुंबई-पुण्यात गेल्या दीड-दोन दशकांत महापालिकेच्या शाळा स्वयंसेवी संस्थांकडे चालवायला देण्याचे प्रयोग झाले. राज्य सरकारने २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना आणली. प्रत्येक ठिकाणी वाद त्याच तीन गोष्टींभोवती फिरतो : पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा आणि जाब कुणाला द्यायचा.

हिप्परगा ते अंबाजोगाई

आजच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा (रवा) हे गाव आहे. असहकाराच्या काळात, १९२१ साली, तेथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. मराठीतून माध्यमिक शिक्षण मिळण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. खासगी शाळेवर सरकारची नजर असे. अशा वेळी आडवळणाच्या खेड्यात मराठी माध्यमाची, वसतिगृहाची शाळा काढणे ही साधी गोष्ट नव्हती.

१९२९ साली व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांचे शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले होते आणि कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. हिप्परग्यात असतानाच्या काळात त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. त्यांच्या पुढच्या राजकीय कार्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. शिक्षक म्हणून त्यांच्या वाटचालीकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही. १९३५ मध्ये ते हिप्परगा सोडून अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी विद्यालयात गेले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारीही तिकडे गेले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी स्वामीजींनी शाळा सोडली. हैदराबाद मुक्त झाल्यावर, १९५० साली नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता. विचारवंत नरहर कुरुंदकर पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

या वाटचालीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, शाळेचा प्रमुख हा आधी शिकवणारा माणूस होता. व्यवस्थापन त्याच्याकडे ओघाने आले. दुसरी, शिक्षकांचा एक गट एका शाळेतून दुसरीकडे गेला आणि बरोबर शाळेची रीतही घेऊन गेला. नियुक्तीपत्रापेक्षा विश्वासाने बांधलेला तो गट होता. तिसरी गोष्ट कमी सुखद आहे : या शाळा तुटपुंज्या पैशावर, शिक्षकांच्या त्यागावर चालल्या. सगळ्यांनाच संन्यास घेता येत नाही. संसार असलेल्या शिक्षकाला त्या व्यवस्थेत किती दिवस टिकता आले असते, हा प्रश्न त्या काळाचे कौतुक करताना सहसा विचारला जात नाही.

पश्चिम महाराष्ट्राचा वारसा आणि फुल्यांची मागणी

मराठवाड्याच्या आधी पुण्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतले शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी टिळक आणि सहकाऱ्यांबरोबर १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे आजीव सभासद. शिकवणारेच संस्थेचे मालक, कमी पगारावर वर्षानुवर्षे सेवा देणारे. सभासदांनी बाहेरचे काम आणि उत्पन्न घ्यावे की नाही, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. शिक्षकांनीच चालवलेल्या संस्थेतही पगार आणि निष्ठा यांचा ताळेबंद सोपा नसतो, हे तेव्हाच दिसले.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयतने आधीच्या दोन्ही संस्थांपेक्षा वेगळी दिशा धरली : वसतिगृह, श्रम आणि खेड्यातला मुलगा. स्वातंत्र्यानंतर लगेचच खेर सरकारशी मतभेद झाले आणि रयतचे अनुदान काही काळ बंद झाले. सरकारी पैशावर उभी असलेली स्वतंत्र संस्था किती स्वतंत्र असते, हे या घटनेने दाखवून दिले.

या परंपरेत एक आवाज वेगळा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले स्वतः शाळा काढणारे, स्वतः शिकवणारे. १८४८ पासूनचा अनुभव गाठीशी असलेल्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. खासगी संस्थांना उत्तेजन द्यावे, असा त्या काळातल्या धोरणाचा कल होता. जोतीरावांनी मात्र प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारनेच घ्यावी, असे ठामपणे मांडले. ज्याने खासगी प्रयत्नाचे सामर्थ्य सर्वांत जवळून पाहिले, त्यानेच त्या प्रयत्नाची मर्यादा सांगितली. आजच्या वादात दोन्ही बाजू फुल्यांचे नाव घेतात. त्यांचे हे निवेदन मात्र कमी जणांनी वाचलेले दिसते.

अनुदानाने काय दिले, काय घेतले

मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माध्यमिक शिक्षण मुख्यतः अनुदानित खासगी संस्थांकडे राहिले. तालुक्याच्या गावात आणि मुरुमसारख्या बाजारपेठेच्या गावांत हायस्कूल आणि नंतर महाविद्यालय आले ते याच मार्गाने. मुरुमच्या श्री माधवराव पाटील महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे मुलींना पदवीपर्यंत गावातच शिकता आले. हे श्रेय कुणी नाकारू नये. पुणे-सोलापूरला मुलगी पाठवणे शक्य नसलेल्या घरांसाठी हा फरक फार मोठा होता.

शिक्षकाची बाजू पाहू. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ चे नियम येण्याआधी संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी अवलंबून असे. या कायद्याने शिक्षकाला संरक्षण दिले. वेतन सरकारी दराने मिळू लागले, मनमानी बडतर्फीला न्यायाधिकरणात आव्हान देता आले. सेवाज्येष्ठ आणि पात्र शिक्षक मुख्याध्यापक व्हावा, असा दंडक आला. अल्पसंख्याक संस्थांना यात सवलत आहे. शिक्षक संघटनांनी हे हक्क वर्षानुवर्षे झगडून मिळवले आणि ते सोडायला त्या तयार नाहीत. मला त्यांची भूमिका रास्त वाटते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच व्यवस्थेत शाळा उभी करणाऱ्या शिक्षकाची जागा आकसत गेली. मुख्याध्यापक होईपर्यंत निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली असते. सहकारी निवडण्याचा अधिकार त्याला नाही. वेतन थेट शासनाकडून येते. खडू, प्रयोगशाळा, वीजबिल यांसाठीचे वेतनेतर अनुदान तुटपुंजे आणि अनियमित. संचमान्यता (मंजूर पदांचा हिशेब), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस (शाळेच्या माहितीची नोंद), निवडणुकीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी यांत दिवस जातो. संस्था चालवण्याचे अधिकार कार्यकारिणीकडे असतात आणि कार्यकारिणीत शिक्षक असेलच असे नाही.

नवी शाळा काढायची तर वाट आणखी अवघड झाली. या शतकाच्या सुरुवातीला ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानग्या दिल्या गेल्या. तेथे काम करणाऱ्या शिक्षकांनी नाममात्र पैशावर, काहींनी विनावेतन, ऐन उमेदीची वर्षे काढली. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला. पुढे २० टक्क्यांपासून टप्पा अनुदान सुरू झाले, पण त्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावे लागले. त्यानंतर २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. या कायद्याखाली निघणाऱ्या शाळेला सरकारी अनुदान नाही. जमीन, इमारत, ठेव यांची तयारी असेल त्यालाच ती काढता येते. २०१७ च्या अखेरीस कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा देण्यात आली. पगारावर जगणाऱ्या शिक्षकासाठी हे दार जवळपास बंदच आहे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांच्या भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, त्याने पैसे घेऊन नोकरी देण्याच्या जुन्या रोगावर काही प्रमाणात उपाय झाला. पण शाळेची दृष्टी पटलेले सहकारी स्वतः निवडण्याची शक्यता त्याबरोबर कमी झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अमेरिकेतला प्रयोग

१९८८ मध्ये अमेरिकन शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी एक कल्पना मांडली. काही शिक्षकांनी एकत्र येऊन सार्वजनिक व्यवस्थेतच वेगळ्या पद्धतीची शाळा चालवण्याचा प्रस्ताव द्यावा. त्यांना ठरावीक मुदतीची परवानगी मिळावी. निकाल पाहून ती वाढवावी. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ सुरू झाली. शाळा सोडलेल्या मुलांसाठी ती दोन शिक्षकांनी काढली होती. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेव्हिन या दोन तरुण शिक्षकांनी ‘किप’ नावाचा वर्ग सुरू केला. पुढे त्याचे देशभर जाळे झाले.

जाळे झाले, तिथे प्रश्नाचे रूप बदलले. मोठ्या देणगीदारांचा पैसा आला, एका संस्थेकडे अनेक शाळांचे व्यवस्थापन आले आणि निर्णय वर्गापासून दूर सरकले. शँकर स्वतः १९९० च्या दशकात या प्रयोगाचे टीकाकार झाले. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधील जवळपास सगळ्या सरकारी शाळा चार्टरमध्ये बदलल्या. हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत कृष्णवर्णीय शिक्षक मोठ्या संख्येने होते.

निकाल काय सांगतात? स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो केंद्राच्या २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि उरलेल्या सारख्याच आढळल्या. २०१५ मध्ये फक्त शहरी चार्टर शाळांचा अभ्यास झाला, त्यात प्रगती स्पष्ट होती. २०२३ च्या अहवालात सरासरीने थोडी आघाडी दिसली. म्हणजे एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या शाळा आहेत. समर्थक शहरांतल्या गरीब मुलांच्या प्रगतीकडे बोट दाखवतात. टीकाकार विचारतात, की शिस्तीच्या नावाखाली कोणती मुले बाहेर पडली आणि जवळच्या सरकारी शाळेच्या पैशाचे काय झाले. २०१६ मध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने नव्या चार्टर शाळा थांबवण्याची मागणी केली, ती याच मुद्द्यांवर.

मुंबई-पुण्यातली भागीदारी

महाराष्ट्रात याच्याशी सर्वांत जवळचे प्रयोग महापालिकांच्या शाळांत झाले. एलिझाबेथ आणि सुनील मेहता यांच्या ‘मुक्तांगण’ने २००३ मध्ये मुंबईत काम सुरू केले. वस्तीतल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन शिक्षक करणे हा त्यांचा गाभा होता. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शिक्षक बाहेरून आणण्याऐवजी वस्तीतच घडवण्याची ती रीत आहे. शाहीन मिस्त्री यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेल्या ‘आकांक्षा’ने पुढे मुंबई-पुण्यात आणि नंतर नागपुरात महापालिकेच्या भागीदारीत शाळा चालवायला घेतल्या. ‘टीच फॉर इंडिया’ची पहिली तुकडी २००९ मध्ये मुंबई-पुण्याच्या वर्गांत गेली. तेथून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी पुढे स्वतःच्या शाळा आणि संस्था काढल्या. गौरव सिंह यांची मुंबईतील ‘३.२.१’ ही त्यांपैकी एक. वर्ग, मग शाळा, मग संस्था ही वाट अमेरिकेतल्या वाटेशी मिळतीजुळती आहे.

पण एक मोठा फरक आहे. अमेरिकेत प्रत्येक मुलामागचा सार्वजनिक पैसा चार्टर शाळेकडे जातो. आपल्याकडे महापालिका इमारत, पुस्तके, आहार, गणवेश देते; शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार मात्र देणग्यांवर असतो. त्यामुळे शाळा चालवणाऱ्याची बरीच शक्ती पैसा उभारण्यात जाते. या शाळांतल्या शिक्षकांना अनुदानित शाळेतल्यासारखे सेवासंरक्षण नसते. विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच : सरकारने आपली जबाबदारी देणगीदारावर ढकलली आणि शिक्षक कंत्राटी केला. समर्थकांचे उत्तर असते की रिकामे पडत चाललेले वर्ग पुन्हा भरले आणि ज्या मुलांना दुसरा पर्याय नव्हता त्यांना चांगली शाळा मिळाली.

शेजारच्या, तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी केलेला अभ्यास येथे उपयोगी आहे. सरकारी शाळेतली मुले सोडतीने खासगी शाळांत पाठवली. तेलुगू आणि गणितात फरक पडला नाही, हिंदीत पडला. खासगी शाळेचा खर्च मात्र सरकारीच्या सुमारे एक तृतीयांश होता. हा खर्च कमी का, तर मुख्यतः शिक्षकाचा पगार कमी म्हणून. एका बाजूला हे काटकसरीचे यश वाटते, दुसरीला शोषणाचा पुरावा.

सरकारी शाळेतच मोकळीक

आणखी एक मत आहे. नवी शाळा कशाला काढायची? आहे तीच जिल्हा परिषद शाळा शिक्षकाच्या हाती का देऊ नये? शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी मिळून एका साध्या शाळेचे रूप पालटले. पुढे ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले आणि त्या छोट्या शाळेला २०२५ मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हे दोघेही सरकारी शिक्षकच.

या उदाहरणांतली अडचण बदलीची आहे. शिक्षक गेला की शाळेचे काय? निवडक जिल्हा परिषद शाळांना वेगळा अभ्यासक्रम आणि मोकळीक देण्यासाठी राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले आणि काही वर्षांतच गुंडाळले. सरकारी चौकटीतली मोकळीक सरकार बदलल्यावर टिकेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

सरकारी शाळांबाहेर पाहिले, तर लीलाताई पाटील यांनी निवृत्तीनंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात काढलेले सृजन आनंद विद्यालय आणि मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला उभे केलेले कमला निंबकर बालभवन यांसारख्या शाळांनी पद्धतीच्या पातळीवर खूप दिले. आमच्याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने १९९३ च्या भूकंपातल्या अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे राहिले. सास्तूर, किल्लारी परिसरात त्या ३० सप्टेंबरच्या पहाटे शाळाही जमीनदोस्त झाल्या होत्या. न्यू ऑर्लिन्समध्ये आपत्तीनंतर व्यवस्थाच बदलली. इथे तीच व्यवस्था पुन्हा बांधली गेली आणि तिच्या कडेला अशी बेटे तयार झाली.

काय सुटलेले नाही

शहरातल्या प्रयोगांचे गणित दाट वस्तीवर उभे आहे. एका वॉर्डात हजारो मुले, चालत जाण्याच्या अंतरावर दोन-तीन शाळा, म्हणून निवडीला अर्थ येतो. मुरुम परिसरात कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत, काही कुटुंबे ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतात आणि लहान वस्त्यांच्या शाळांचा पट विसाच्या आत येतो. सकाळी पिवळ्या गाड्या खेड्यांतून इंग्रजी माध्यमाकडे मुले घेऊन जातात. येथे शिक्षकाला शाळा चालवण्याचा अधिकार द्यायचा म्हणजे नेमके काय, याचा आराखडा कोणत्याही बाजूने मांडलेला नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये आला, तोही पटाच्या हिशेबाने. शिक्षकाच्या अधिकाराचा विचार त्यात मागेच राहिला.

मुख्याध्यापकाची निवड हा दुसरा न सुटलेला प्रश्न. सेवाज्येष्ठता सोडली तर वशिला येईल, ही भीती खरी आहे. ती सोडली नाही तर तरुण, कल्पक शिक्षकाने वीस वर्षे थांबायचे, हेही खरे. निवड समितीत पालक आणि सहशिक्षक घ्यावेत, मुदत ठरवून द्यावी, वेतन आणि सेवा मात्र सुरक्षित ठेवावी, असा मधला मार्ग काही जण सुचवतात. मला तो पटतो. पण अनुदानित शाळांत त्याचा गांभीर्याने प्रयोग होईपर्यंत ते मतच राहील.

तिसरा प्रश्न वारशाचा आहे. ज्याने शाळा उभी केली तो गेल्यावर ती कुणाकडे जाते? मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी ती कुटुंबाकडे गेली, काही ठिकाणी राजकीय पक्षाच्या गटाकडे. अमेरिकेत ती व्यवस्थापन कंपन्यांकडे गेली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांची पद्धत हे एक उत्तर होते, पण नव्या संस्थांनी ते फारसे उचलले नाही.

आणि शेवटी दत्तक योजना. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानुसार उद्योगसमूह किंवा देणगीदार पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घेऊ शकतो. अ आणि ब वर्ग महापालिकांच्या हद्दीतली शाळा पाच वर्षांसाठी घ्यायची तर २ कोटी रुपये, ग्रामीण भागासाठी ५० लाख. शाळेला देणगीदाराने सुचवलेले नाव जोडता येते. शिक्षक आणि प्रशासन सरकारकडेच राहील, असे शासन सांगते. विरोधकांना हा खासगीकरणाचा पहिला टप्पा वाटतो. पाच वर्षांसाठी घेतलेल्या पहिल्या शाळांची मुदत २०२८ पासून संपू लागेल. त्या वेळी रंगरंगोटी, संगणक आणि स्वच्छतागृहे मोजली जातील. तिथल्या शिक्षकांना त्या पाच वर्षांत शाळेबद्दलचे किती निर्णय स्वतः घेता आले आणि त्यांतले किती जण त्याच शाळेत टिकले, हेही त्याच अहवालात नोंदवायचे असेल तर त्याची विचारणा आतापासून करावी लागेल.